गोळीबरोबर माहिती कोणी द्यायची?

सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळणारे ‘माला-एन’ किंवा दुकानात विकत मिळणारे ‘माला-डी’ यांचे पाकीट हातात घेऊन पाहिले तर त्यात २८ गोळ्या दिसतात. त्यांतल्या २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिऑल ही दोन संप्रेरके असतात. उरलेल्या सात गोळ्या वेगळ्या रंगाच्या. त्यांत संप्रेरक मुळीच नसते, असते ते लोह. मग गर्भनिरोधाशी संबंध नसलेल्या या सात गोळ्या पाकिटात कशासाठी? आपल्याकडील स्त्रियांना लोहाची गरज असते हे खरेच. पण मुख्य कारण निराळे आहे. तीन आठवडे गोळी घ्या, एक आठवडा थांबा, मग आठवणीने पुन्हा सुरू करा, असे सांगितले की चुका होतात. त्यापेक्षा रोज एक गोळी घ्या, पाकीट संपले की दुसऱ्या दिवशी नवे उघडा, हे सोपे. म्हणजे या सात गोळ्या ही वापराविषयीची एक सूचनाच आहे, शब्दांशिवाय दिलेली.

गोळी तयार करणे हे रसायनशास्त्राचे आणि शरीरक्रियाशास्त्राचे काम होते. ती घेणाऱ्या बाईला नीट माहिती कोणी द्यायची, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेत सुटण्यासारखा नव्हता. तो सुटायला गोळीच्या शोधापेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागली. या इतिहासात डॉक्टर, कंपन्या, सरकार, स्त्रियांच्या संघटना असे सगळे येतात. पण ज्याच्या हातून गोळी प्रत्यक्ष बाईच्या हातात पडते, त्या फार्मासिस्टची कहाणी सहसा कोणी सांगत नाही. येथे फार्मासिस्ट म्हणजे औषधशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेली, नोंदणी झालेली व्यक्ती; गल्ल्यावर बसलेला कोणीही नव्हे.

पहिली गोळी ‘एनोव्हिड’. ग्रेगरी पिंकस, एम. सी. चँग आणि जॉन रॉक यांच्या संशोधनातून ती आली आणि सर्ल या अमेरिकन कंपनीने ती बाजारात आणली. १९५७ मध्ये तिला पाळीच्या विकारांवरील औषध म्हणून परवानगी मिळाली आणि १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून. त्याआधी १९५६ पासून प्वेर्तो रिको बेटावर तिच्या मोठ्या चाचण्या झाल्या होत्या. तेथील काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले होते की सुमारे १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होतात आणि इतके त्रास सर्वसाधारण वापरासाठी फार आहेत. पिंकस यांना हे त्रास बरेचसे मनाचे खेळ वाटले. बाईने सांगितलेल्या त्रासाकडे कसे पाहायचे याचा हा पहिला नमुना म्हणायला हरकत नाही.

१९६० च्या त्या गोळीत १० मिलिग्रॅम संप्रेरके होती. त्यांतील इस्ट्रोजेनचा, म्हणजे मेस्ट्रॅनॉलचा, वाटा १५० मायक्रोग्रॅम. आजच्या ‘माला-डी’त इस्ट्रोजेन आहे ३० मायक्रोग्रॅम. ही दोन संयुगे एकच नाहीत (मेस्ट्रॅनॉलचे शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑल होते, पण सगळ्याचे नाही), त्यामुळे सरळ भागाकार करून चालणार नाही. तरीही मात्रा किती मोठी होती याचा अंदाज येतो.

गोळ्या बाटलीत येत. पाळीच्या पाचव्या दिवसापासून रोज एक अशा वीस गोळ्या घ्यायच्या आणि थांबायचे. आज घेतली की नाही, हे बाटलीकडे पाहून कसे कळणार? इलिनॉय राज्यातील डेव्हिड वॅग्नर या गृहस्थांच्या घरी हाच घोळ होई. चार मुले झाल्यावर त्यांच्या पत्नीने गोळ्या सुरू केल्या होत्या. १९६१ मध्ये त्यांनी एका कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक गोळी ठेवून कागद टेबलावर मांडला. काही दिवसांनी काहीतरी पडले आणि कागद, गोळ्या सगळे जमिनीवर विखुरले. मग त्यांनी प्लॅस्टिकचे पारदर्शक तुकडे, चिकटपट्टी असले घरगुती सामान जमवून, ड्रिलने भोके पाडून एक गोल डबी केली. तबकडी फिरवली की त्या दिवसाची गोळी बाहेर येई. नमुना त्यांनी कंपन्यांना दाखवला. १९६३ मध्ये ऑर्थो कंपनीच्या गोळ्या तबकडीच्या डबीतून विकल्या जाऊ लागल्या आणि १९६४ मध्ये वॅग्नर यांना पेटंट मिळाले. औषधाचे वेष्टणच ते कसे घ्यायचे हे सांगते, ही कल्पना आता आपल्याला इतकी ओळखीची आहे की तिचाही कोणी शोध लावला असेल असे वाटत नाही.

पण डबी फक्त वार सांगू शकत होती. पोटरी सुजून दुखू लागली तर काय समजायचे, हे तिला सांगता येत नव्हते. ते सांगू शकणारा शिकलेला माणूस काउंटरपलीकडे उभा होता, पण त्याने बोलायचे नाही असा नियम होता.

आज हे वाचून आश्चर्य वाटते. अमेरिकन फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५२ मध्ये स्वीकारलेल्या आचारसंहितेत असे म्हटले होते की डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषधात काय आहे आणि ते शरीरावर काय परिणाम करते याची चर्चा फार्मासिस्टने रुग्णाशी करू नये. रुग्णाने विचारलेच तर डॉक्टरांकडे बोट दाखवावे. चिठ्ठीवर दिलेल्या डबीवर औषधाचे नावसुद्धा अनेकदा नसे. असे फक्त चिठ्ठीचा क्रमांक आणि ‘रोज एक’ अशी सूचना. चिठ्ठीची औषधे आणि चिठ्ठीविना मिळणारी औषधे अशी स्पष्ट विभागणी तिथे नुकतीच, १९५१ च्या कायद्याने, झाली होती. गंमत म्हणजे तो कायदा ज्यांच्या नावांनी ओळखला जातो ते कार्ल डरहॅम आणि ह्यूबर्ट हम्फ्री हे दोघेही लोकप्रतिनिधी मूळचे फार्मासिस्टच! विभागणीमागचा हेतू चांगला होता. धोक्याची औषधे वाटेल तशी विकली जाऊ नयेत, म्हणून डॉक्टरचे लक्ष हवे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की चिठ्ठीच्या औषधाची माहिती ही डॉक्टरची मालमत्ता ठरली.

आजारी माणसाच्या बाबतीत हे कदाचित निभावून गेले असते. गोळी घेणारी बाई मात्र आजारी नसते. ती धडधाकट असते आणि वर्षानुवर्षे रोज औषध घेते. पुन्हा डॉक्टरकडे जाण्याचे कारण तिला पडत नाही. दर महिन्याला ती जाते ती औषधाच्या दुकानात.

१९६१ मध्येच ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात जॉर्डन नावाच्या एका डॉक्टरांचे छोटे पत्र छापून आले होते. गर्भाशयाच्या एका विकारासाठी एनोव्हिड घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. गुठळ्या गोळी न घेणाऱ्यांनाही होतात. थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर, १९६४ मध्ये, ब्रिटनमध्ये औषधांचे संशयास्पद दुष्परिणाम कळवण्यासाठी पिवळ्या कार्डांची पद्धत सुरू झाली आणि अशा नोंदी एकत्र येऊ लागल्या. १९६८ मध्ये मार्टिन व्हेसी आणि रिचर्ड डॉल यांनी रुग्णालयांतील नोंदी तपासून दाखवले की अन्य उघड कारण नसताना शिरांत गुठळी होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका गोळी घेणाऱ्यांत सुमारे नऊपट आहे. (धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे ते हेच डॉल.) इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे काही घटक अधिक प्रमाणात तयार करते, आणि मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त. म्हणून १९६९ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला. अमेरिकेत त्याहून मोठ्या मात्रेच्या उरल्यासुरल्या गोळ्या बाजारातून जायला १९८८ उजाडले.

पिवळ्या कार्डांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती भरून पाठवण्याचा अधिकार फार्मासिस्टना नव्हता. रुग्णालयांतील फार्मासिस्टना तो १९९७ मध्ये मिळाला आणि दुकानांतील फार्मासिस्टना १९९९ मध्ये, म्हणजे पद्धत सुरू झाल्यावर तब्बल ३५ वर्षांनी. इकडे अमेरिकेत त्याने बाईला सांगायचे नाही, तिकडे ब्रिटनमध्ये बाईने त्याला सांगितलेले पुढे कळवायची सोय नाही!

अमेरिकेत वाचा फुटली ती बाहेरून. १९६९ मध्ये बार्बरा सीमन या पत्रकर्तीचे गोळीच्या धोक्यांवरचे पुस्तक आले. ते वाचून सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी १९७० च्या जानेवारीत सिनेटच्या समितीपुढे सुनावणी ठेवली. तज्ज्ञांमागून तज्ज्ञ साक्षी देऊन गेले, पण साक्षीसाठी गोळी घेणाऱ्या एकाही स्त्रीला बोलावले नव्हते. ॲलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी प्रेक्षकांतून उठून विचारू लागल्या की आम्हांला हे आधी का सांगितले नाही? दूरचित्रवाणीवर हे दृश्य देशभर दिसले. त्या सुमारास ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाने केलेल्या पाहणीत गोळी घेणाऱ्या सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांनी सांगितले की धोक्यांविषयी डॉक्टरांनी आपल्याला काही सांगितलेले नव्हते. आणि १८ टक्के स्त्रियांनी गोळी बंदच केली होती. माहिती न देण्याची आणि एकदम भीती घालण्याची, दोहोंची किंमत बाईच मोजते.

प्रत्येक पाकिटात स्त्रियांसाठी सोप्या भाषेतले माहितीपत्रक घालावे, असे औषध प्रशासनाने ठरवले. पहिला मसुदा सुमारे ६०० शब्दांचा होता. डॉक्टरांच्या संघटनेने आणि कंपन्यांनी हरकत घेतली की पत्रक हे डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मध्ये येईल. अखेर जे छापले गेले ते जेमतेम शंभरेक शब्दांचे होते: गुठळीचा धोका आहे, अधिक माहितीची पुस्तिका डॉक्टरांकडे मागा. त्याआधी १९६८ मध्ये दम्याच्या एका फवाऱ्यावर रुग्णासाठी छोटा इशारा छापला गेला होता. पण चिठ्ठीच्या औषधाबरोबर रुग्णाच्या हाती माहितीपत्रक देण्याची प्रथा खऱ्या अर्थाने सुरू झाली ती गोळीपासून. १९७८ मध्ये ते सविस्तर झाले, धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांसाठी ठळक इशारा आला. आज कोणत्याही औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद सापडतो, त्याच्या पूर्वजांत या शंभर शब्दांना मानाचे स्थान आहे.

फार्मासिस्टांच्या संघटनेने १९६९ मध्येच आचारसंहिता बदलली होती. गप्प राहण्याचे कलम गेले आणि रुग्णाचे आरोग्य व सुरक्षितता यांना पहिले स्थान आले. काहींनी त्याहीआधी नियमाची वाट पाहिली नव्हती. व्हर्जिनिया राज्यातील बेरिव्हिल या लहान गावात यूजीन व्हाइट यांनी १९६० मध्ये आपल्या दुकानातील सरबताचे आणि किरकोळ मालाचे काउंटर काढून टाकले, दवाखान्यासारखी बसायची जागा केली, आणि प्रत्येक कुटुंबाला कोणकोणती औषधे दिली याची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. त्या वेळी हा विचित्रपणा वाटला असणार. अशा नोंदीची गरज किती होती हे ११ वर्षांनी एका अगदी वेगळ्या औषधाने दाखवले.

रिफाम्पिसिन हे क्षयरोगावरचे प्रभावी औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस आले. पश्चिम जर्मनीत राइमर्स आणि येझेक यांनी १९७१ मध्ये नोंदवले की रिफाम्पिसिन घेणाऱ्या, आणि त्याबरोबर गर्भनिरोधक गोळ्याही घेणाऱ्या स्त्रियांना मधेच रक्तस्राव होतो आहे. पुढे अशा काही स्त्रियांना दिवसही गेले. कारण यकृतात होते. रिफाम्पिसिनमुळे यकृतातील औषधांचे विघटन करणारी विकरे फार मोठ्या प्रमाणात तयार होतात आणि ती गोळीतील संप्रेरकांचाही झपाट्याने फडशा पाडतात. गोळी रोज वेळेवर घेतली तरी रक्तातले प्रमाण पुरेसे राहत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन ही अपस्माराची औषधेही हेच करतात. (ॲमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकांबद्दलही पूर्वी असाच इशारा देत. त्यात तथ्य नसल्याचे आता मानले जाते. उलट्या-जुलाब झाले तर गोष्ट वेगळी.)

यात अडचण ज्ञानाची नाही, गाठ पडण्याची आहे. क्षयाचे औषध एका डॉक्टरने दिलेले, गोळी दुसऱ्याने किंवा कोणीच नाही. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. क्षयाच्या नेहमीच्या सहा महिन्यांच्या उपचारात रिफाम्पिसिन असते आणि ते सरकारी केंद्रातून मोफत मिळते. गोळीचे पाकीट त्याच घरातली बाई, किंवा बरेचदा तिचा नवरा, नाक्यावरच्या केमिस्टकडून आणतो. दोन औषधांची गाठ पडते ती थेट यकृतात. उपचार चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही चार आठवडे दुसरे साधन वापरायला हवे, हे सांगण्याची संधी त्या काउंटरवर असते. त्यासाठी केमिस्टने एवढेच विचारायचे असते: आणखी कोणते औषध चालू आहे?

अर्थात बोलणे म्हणजे नेमके काय आणि कसे, हाही प्रश्न आहेच. १८ ऑक्टोबर १९९५ रोजी ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांना पत्रे पाठवून कळवले की डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असलेल्या नव्या गोळ्यांमुळे गुठळीचा धोका जुन्या गोळ्यांच्या सुमारे दुप्पट होतो. अनेकांच्या हाती पत्र पडण्याआधीच बातमी दूरचित्रवाणीवर झळकली. ‘दुप्पट’ हा एकच शब्द लोकांनी ऐकला. पुष्कळ स्त्रियांनी पाकीट अर्ध्यावर टाकून दिले. १९९६ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधील गर्भपातांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे १३,००० ने वाढली.

गणिताच्या शिक्षकांनी हे आकडे वर्गात जरूर मांडावेत. पुढे तेथील अधिकाऱ्यांनी दिलेल्या अंदाजांनुसार, वर्षभरात गुठळी होण्याचे प्रमाण गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या एक लाख स्त्रियांमध्ये ५, जुन्या गोळ्या घेणाऱ्यांत १५, नव्या गोळ्या घेणाऱ्यांत २५ आणि गरोदर स्त्रियांत ६०. दुप्पट, नऊपट हे गुणोत्तर झाले. लाखात किती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. लाखात दहा जास्त, असे कोणी काउंटरवर शांतपणे सांगितले असते आणि ‘हे पाकीट पुरे करा, मग बदलू’ असे म्हटले असते, तर साठच्या प्रमाणाच्या दिशेने इतक्या जणी गेल्या नसत्या असे मला वाटते. पण फार्मासिस्टकडेच बातमीपलीकडे काही नसेल तर तो तरी काय सांगणार?

तेव्हापासून कल फार्मासिस्टच्या बाजूने झुकला आहे. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानुसार १९९३ पासून सरकारी मदत घेणाऱ्या रुग्णांना औषधाबाबत सल्ला देऊ करणे त्याच्यावर बंधनकारक झाले. १९५२ मध्ये जे निषिद्ध होते ते ४१ वर्षांनी कर्तव्य ठरले. २०१६ पासून ऑरेगन आणि कॅलिफोर्निया राज्यांत तो स्वतः प्रश्नावली भरून घेऊन, रक्तदाब मोजून गोळी देऊ शकतो. ब्रिटनमध्ये २०२१ पासून आणि अमेरिकेत २०२३ च्या परवानगीनंतर केवळ प्रोजेस्टोजेन असलेली, म्हणजे इस्ट्रोजेन नसलेली, गोळी चिठ्ठीविना मिळते. विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. वय ३५ च्या वर असून विडी-सिगारेट किंवा तंबाखू ओढता का? डोळ्यांपुढे चमकून मग उठणारी अर्धशिशी आहे का? पूर्वी कधी गुठळी झाली होती का? रक्तदाब किती? बाळंतपण होऊन किती आठवडे झाले, मूल अंगावर पिते का? आणि दुसरे औषध. यातल्या एखाद्याचे उत्तर ‘हो’ आले किंवा रक्तदाब वाढलेला निघाला तर इस्ट्रोजेनची गोळी न देता डॉक्टरांकडे पाठवायचे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली, १९९१ मध्ये ‘सहेली’ नावाने आलेली सेंटक्रोमनची आठवड्याची गोळी इस्ट्रोजेनची नाही, हेही केमिस्टला ठाऊक असले तर बरे.

गर्भनिरोधाची माहिती लोकांना त्यांच्या भाषेत थेट द्यावी, यासाठी र. धों. कर्वे यांनी मुंबईत १९२१ मध्ये केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले आणि खटलेही सोसले. तेव्हा गोळी नव्हती. आता गोळी आहे, पाकिटात कागद आहे, आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय नियमांत रुग्णाला समजावून सांगण्याचे कामही लिहिलेले आहे. इंग्लंडमधील दुकानांत या बोलण्यासाठी दार लावता येईल अशी छोटी खोली ठेवतात. आपल्या केमिस्टकडे पुढे काचेचे काउंटर, मागे कपाटे आणि संध्याकाळची गर्दी. पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, नजर न मिळवता पुढे सरकवले जाते. आणि क्षयाचे औषध चालू आहे का हे विचारायचे तर रांगेतल्या आणखी चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे लागते.